मदत हवी आहे: न जुळलेल्या जबड्याच्या कोडाला ‘के’ लावायचा की ‘ए’?

नमस्कार मंडळी,

इथे मेडिकल कोडिंगवाले बरेच दिसतात म्हणून विचारते. मी बीडीएस. दोन वर्षं ठाण्यात एका दवाखान्यात दाढा काढल्या, आता ऐरोलीत अमेरिकेचे सर्जरीचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून आजाराला आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावते. (सासूबाई अजून शेजारणींना ‘डॉक्टरीण आहे, कॉम्प्युटरवर बसते’ असं सांगतात.)

केस अशी. खालचा जबडा, उजवा अँगल (कानाखालचा कोपरा), फ्रॅक्चरला पाच महिने झालेत. सर्जनने मधली तंतुमय गाठ काढली, हाडाची टोकं खरवडून ताजी केली, कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट घातला आणि वरून रिकन्स्ट्रक्शन प्लेट बसवली. ऑपरेशन नोटमध्ये ‘नॉनयुनियन’ (हाड न जुळणं) हा शब्द स्पष्ट आहे. मी एस०२.६५१के दिला. (शेवटचं, सातवं अक्षर उपचाराचा टप्पा सांगतं: ए म्हणजे पहिले उपचार, के म्हणजे नंतरचे उपचार आणि हाड जुळलेलं नाही.) ऑडिटमधून परत आला. शेरा: ‘नवीन सर्जन, ॲक्टिव्ह ट्रीटमेंट, सातवं अक्षर ए’. या महिन्यात आधीच दोन चुका आहेत, ही तिसरी धरली तर माझी क्वालिटी ९५ टक्क्यांच्या खाली जाते, म्हणून जीव खालीवर होतोय.

माझं म्हणणं असं की गाइडलाइनमध्ये नॉनयुनियन, मालयुनियन (वाकडं जुळणं) ही गुंतागुंत सबसीक्वेंट केअरच्या, म्हणजे नंतरच्या उपचारांच्या अक्षरानेच दाखवायला सांगितली आहे, मग त्यासाठी मोठं ऑपरेशन का होईना. ऑडिटर मॅडमनी त्याच भागातलं दुसरं वाक्य पुढे केलं: फ्रॅक्चर किंवा नॉनयुनियनसाठी रुग्ण उशिरा उपचाराला आला असेल तर इनिशियल एन्काउंटरचं, म्हणजे पहिल्या उपचारांचं अक्षर. हिस्टरीत फक्त ‘पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडले’ एवढंच आहे. दोन्ही वाक्यं खरी, आणि मी मध्ये.

शिवाय ए म्हटलं की फ्रॅक्चर क्लोज्ड (बाहेर न उघडणारं) ठरतं. अक्कलदाढेच्या सॉकेटमधून गेलेली चीर तोंडात उघडतेच, हे आम्हाला कॉलेजात घोकायला लावलेलं. मग ओपनचा बी का नाही?

आणि एक बारकं: जिन्यावरून पडल्याच्या डब्ल्यू कोडाला के लावला तर सॉफ्टवेअर घेतच नाही. तिथे काय?

आगाऊ धन्यवाद.

*

घणसोलीचा_कोडर: ताई, शेवटचं आधी. अपघाताच्या कारणाच्या कोडांना ए (पहिले उपचार), डी (नंतरचे), एस (मागे राहिलेला परिणाम) एवढीच अक्षरं असतात. मुख्य कोडाला के असेल तर तिथे डी द्या, विषय संपला.

बी विसरा. तुमचं डॉक्टरी डोकं घरी ठेवून यायचं! दाढ चिरेत आहे हे तुम्हाला दिसतं, पण सर्जनने ‘ओपन’ लिहिलेलं नसेल तर ते क्लोज्डच धरायचं, गाइडलाइन तशीच आहे. आणि तुमचा के बरोबर ठरला तर हा प्रश्नच उरत नाही. मांडीच्या हाडाला ओपन नॉनयुनियनसाठी एम आणि एन वेगळे आहेत. एस०२ ला ए, बी, डी, जी, के, एस एवढंच. ओपन असो की क्लोज्ड, के एकच.

ठाणेकर_७२: नॉनयुनियनला एम८४.१ हा वेगळा कोड आहे ना? आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही तोच टाकतो.

घणसोलीचा_कोडर: दादा, तुमचं कोडांचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेचं, मूळ आयसीडी-१०. अमेरिकेने २०१५ च्या १ ऑक्टोबरला स्वतःची सुधारित आवृत्ती लागू केली, तीत एम८४.० ते एम८४.२ नाहीतच. जुळणीतला घोटाळा सगळा सातव्या अक्षरात गेला. त्यातही एस०२ ला मालयुनियनचा पी नाही. वाकडं जुळलेलं नाक आलं की आमच्याकडे अर्धा तास वाद होतो.

मंदाताई_वाशी: मूळ प्रश्न राहिला. ऑडिटर मॅडमचं वाक्य चुकीचं नाही, पण ते ज्याने पाच महिने कुणालाच दाखवलं नाही त्याच्यासाठी आहे. ‘नवीन सर्जन’ हे कारण नव्हे. आधी उपचार झाले होते की नाही, एवढंच शोधायचं. हिस्टरीत नसेल तर बाहेरून आलेले कागद बघ. आणि ऑपरेशनआधीच्या व्हिजिटला काय लिहिलंय? ‘डिलेड हीलिंग’ (हाड उशिरा जुळतंय) असेल तर त्या दिवसाला जी. पाच महिने झाले म्हणून आपण होऊन नॉनयुनियन ठरवायचं नाही.

*

मंदाताई, पाया पडते! चार्टच्या शेवटी फॅक्सची चार पानं उलटी स्कॅन झालेली होती, मी ती कोरी समजून सोडली होती. मान वाकडी करून वाचली (फिरवायचं बटण आहे हे नंतर कळलं). तिसऱ्या पानावर हाताने लिहिलंय: आर्च बार (दातांना बांधायची धातूची पट्टी) लावून जबडा तारेने बांधला, पाच आठवड्यांनी तारा सोडल्या. म्हणजे उपचार झाले होते, दुसऱ्या गावात. उशिरा आलेला रुग्ण नव्हेच. आधीच्या व्हिजिटला खरंच ‘डिलेड हीलिंग’ आहे आणि तिथे मी घाईत के लावलाय. ती चूक अजून कुणी पकडलेली नाही.

घणसोलीचा_कोडर: पकडायच्या आधी सांगून टाका. ग्राफ्टचं काय केलंत? जबड्याच्या ग्राफ्टचा ऑपरेशन कोड २१२१५, त्यात ग्राफ्ट काढणंही धरलेलं आहे, कमरेचं वेगळं लावलं असेल तर तेही निघेल.

नाही लावलं, तेवढं आठवलं होतं. ऑडिटच्या शेऱ्यावर रिबटल (हरकत) टाकलंय, सोबत फॅक्सच्या तिसऱ्या पानाचा नंबर दिलाय आणि त्याच मेलमध्ये जी ची दुरुस्तीही. मॅडम सोमवारी बघतील.