पीजेची स्टेशने आणि तुमच्या आठवणी

मुलुंडकर
गेल्या रविवारी माळा आवरताना वडिलांच्या ट्रंकेत पुठ्ठ्याचे एक तिकीट सापडले, ज्यावर 'पाचोरा ते शेंदुर्णी' एवढे अजून वाचता येते. आमची मे महिन्याची सुट्टी मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पाचोऱ्याला उतरण्यापासून सुरू होई. तिथून वळकट्या ओढत अडीच फुटी रुळांवरच्या पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीत, जाऊन बसले, की आजोळ आल्यासारखेच वाटे. जामनेरपर्यंतचे 56 किलोमीटर ती इतक्या निवांतपणे कापी, की मोठी माणसे वैतागत. शेंदुर्णीला मामा सायकल भिंतीला टेकवून उभा असे आणि गाडीला कितीही उशीर झाला, तरी "आज लवकर आलात" असेच म्हणे. मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबलेली ही छोटी गाडी पुन्हा सुरू झाली नाही आणि आता मार्गाच्या रुंदीकरणाचे काम हाती घेतले आहे. ज्यांनी अशा लाइनीवरचे स्टेशन अनुभवले असेल, त्यांनी अवश्य लिहावे.

पहूरची लेक, ठाणे
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिते आहे. पहूर जळगाव-अजिंठा रस्त्यावर असल्यामुळे आमच्याकडे घाई असलेला माणूस एसटीने जाई आणि टोपलीत भरताची वांगी असलेली बाई पीजेने. आईने एकदा अशीच टोपली बाकाखाली सरकवली आणि उतरताना शेजारणीची उचलली. घरी आल्यावर त्यातून कोंबडी निघाली. आमचे घर माळकरी!

मुलुंडकर
ताई, मग कोंबडीचे काय झाले?

पहूरची लेक, ठाणे
दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेली. वांगी मात्र आली नाहीत.

कुर्डुवाडीचे काका
माझी नोकरी मालधक्क्यावर गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमची बार्शी लाइट रेल्वे, तीही अरुंद रुळांचीच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये सुरू केली. ती 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. अरुंद रूळ स्वस्त पडत आणि तीव्र वळणे सहज घेत, हे खरे. पण मोठ्या लाइनीच्या जंक्शनवर प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावे लागे. त्यात हमाली जाई, वेळ जाई आणि पावसाळ्यात मालही भिजे. ट्रक थेट दुकानाच्या दारात येऊ लागल्यावर व्यापारी आमच्याकडे कशाला येतील? गाडी हळू चालते म्हणून ती बंद पडली असे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. मालाने आधी पाठ फिरवली, माणसे नंतर गेली. 1992 पासून देशभर एकाच रुंदीचे रूळ करण्याचे धोरण आले, तेव्हा आमच्या धक्क्यावर मोजायला फारसे काही उरलेच नव्हते.

यवतमाळ ते डोंबिवली
आमच्या शकुंतलेला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीला, 1994 पर्यंत मँचेस्टरचे 1921 चे वाफेचे इंजिन ओढत होते. खिडकीत बसलेल्याचा पांढरा सदरा मूर्तिजापूरला पोचेपर्यंत राखाडी होई. बाकी नंतर लिहितो, लोकलमध्ये उभा आहे.

कुर्डुवाडीचे काका
मुलुंडकर, त्या तिकिटावर प्लास्टिक चढवू नका. आमच्याकडच्या एका जुन्या तिकिटाची शाई त्यातल्या उष्णतेने उडाली होती.

मुलुंडकर
बरे झाले काका, आजच दुकानात नेणार होतो. आता ते वहीच्या पानात ठेवले आहे. मामा 84 वर्षांचे आहेत; त्यांना फोनवर तिकीट वाचून दाखवले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परतीचे काढले होते का?"