प्रतिसाद : सकाळी धुऊन दुपारी कातरणी?

वर सुचवलंय की मेंढ्या सकाळी ओढ्यात धुऊन दुपारी कातराव्या. असं नका करू. धुतल्यावर निदान दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवा. ओली लोकर गठ्ठ्यात तापते, पिवळी पडते आणि बुरशी धरते. शिवाय धुण्याने उतरलेला कातडीचा तेलकट चिकटा परत पाझरायला वेळ लागतो, आणि तो असला की कात्री लोण्यासारखी चालते.

आदल्या रात्रीपासून चारा बंद. भरल्या पोटी मेंढी उताणी केली की छातीवर दाब येऊन ती धापा टाकते आणि जास्त झटापट करते. आधी पोटाची लोकर काढा, ती मळकी म्हणून वेगळी ठेवा. मग बरगड्यांवरून पाठीकडे. डाव्या हाताने कातडी ताणलेली हवी, लोकर ओढायची नाही. ओढली की कातडी वर उचलते आणि कापली जाते. काख, जांघ, सड इथे घाई नको. पहिल्या फेरीत उंच राहिलेलं परत कातरू नका, अर्ध्या बोटाचे तुकडे सुतात टिकत नाहीत.

जखमेला आयोडीन, माश्या असतील तर कडेने कडुनिंबाचं तेल.

इंदूरकडे दिवाळीनंतर मारवाडचे रेबारी मेंढपाळ कळप घेऊन येतात, त्यांची लोकर गालिच्याची. आपल्या दख्खनी मेंढीची आखूड, भरड, काळी, घोंगडीची. दोन्ही एका पोत्यात भरल्या तर व्यापारी सगळ्याला भरडीचाच भाव लावणार. माघ-फाल्गुनात कातरणार असाल तर रात्रीच्या गारठ्यात आडोसा मात्र हवाच, विशेषतः गाभण मेंढ्यांना.