कूलरची ताटी शोधली तर लोकरीचे गुंडे दाखवते, सर्च असा काऊन झाला?

उन्हात_भाजलेला:
डोकं गरम होऊन राहिलं म्हणून लिहितो. घरी पत्र्याचा जुना कूलर आहे, १८ इंची पंख्याचा, तीन बाजूच्या ताट्या (पाणी झिरपते ते गवताचे पॅड) बदलायच्या आहेत आणि पंपही गेला. म्हटलं मे महिन्याच्या दुपारी कोण गाडी काढते, घरीच बोलावू. ॲपवर 'ताटी' टाकलं तर स्टीलच्या ताटांचे सेट. ठीक आहे, मराठी समजत नसेल त्याले. 'खस' टाकलं तर खसचं सरबत, खसचं अत्तर, अन् खाली अर्धा किलो खसखस. मग मुलगी म्हणाली बाबा त्याला वूड वूल म्हणतात, ते टाका. टाकलं. लोकरीचे गुंडे आले, सोबत विणायच्या सुया! बाहेर ४५ आहे बाप्पा, स्वेटर विणत बसू का आता? पंपाचंही तेच, पहिले चार माशांच्या टाकीचे, मग कूलरचं कव्हर, मग टेबलावर ठेवायचा यूएसबीवाला खेळण्यातला कूलर. स्वस्त ते महाग असं लावलं तर आणखीनच कहर, नुसत्या नळ्या अन् क्लिपा. पाच-सात वर्षांआधी जे टाकलं ते यायचं की नाही? माझंच काही चुकून राहिलं का मुद्दाम बिघडवलं ह्यांनी?

बर्डीचा_भाऊ:
काका तुम्ही मे मध्ये ताटी शोधून राहिले हीच पहिली चूक 😄 होळी झाली की कूलर काढायचा, ताट्या ठोकायच्या, मोकळं व्हायचं. आता नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) तोंडावर आला, दुकानदारही भाव वाढवूनच बसला असन.

लिस्टिंगवाली:
काका, थोडं पाप माझंही आहे. मी दोन वर्षं एका विक्रेत्याकडे ऑनलाइन लिस्टिंग टाकायचं काम केलं. एका पंपाच्या नावात आम्ही कूलर, ॲक्वेरियम, कारंजं, सबमर्सिबल, गार्डन, जे सुचेल ते सगळं कोंबायचो, कारण नावात शब्द नसला तर माल दिसतच नाही. पण खरं सांगू का, तुम्ही ज्या माशांच्या पंपाला शिव्या देऊन राहिले ना तो बऱ्याच वेळा तोच पंप असतो! १८ वॅटचा छोटा पाण्यात बुडणारा पंप कूलरलाही चालतो अन् टाकीलाही. नाव नका बघू, पाणी किती उंच चढवतो ते बघा. टाकीच्या तळापासून वरच्या पन्हाळीपर्यंत टेपनं मोजा आणि त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त लिहिलेला घ्या, कारण लिहिलेल्या उंचीच्या टोकाला पाण्याची धार जवळपास बंद होते.

आता लोकर कशी आली. पहिले सर्च मुख्यतः शब्द जुळवायचा. आता शब्दासोबत अर्थाने जवळचं काय तेही बघतो, आणि आधी लोकांनी काय क्लिक केलं, काय विकत घेतलं हेही धरतो. 'वूल' म्हटल्यावर देशभरातले लोक लोकरच घेतात, आपल्या ताटीला कोण विचारते. त्यात ॲपला रिकामं पान दाखवायचंच नसतं. 'नाही आमच्याकडे' असं दुकानदार म्हणेल, ॲप कधी म्हणणार नाही, ते काहीतरी आणून समोर ठेवणारच. आणि वरच्या ओळी तर बहुतेक जाहिरातीच्या. कोणत्या शब्दावर दिसायचं त्याची बोली लागते, तुम्ही क्लिक केलं की विक्रेत्याचे पैसे कटतात. आम्ही तर 'कूलर' शब्दावर कूलरचं कव्हर लावायचो, चाललं तर चाललं. स्वस्त ते महाग लावल्यावर मात्र जुळणी बाजूला पडते आणि नुसती किंमत उरते, म्हणून क्लिपा वर येतात. आधी डावीकडून कॅटेगरी निवडा, कमीत कमी किंमत टाका, मगच ते बटण दाबा.

जुना_ग्राहक:
वरच्या ताईंनी नीट सांगितलं. फक्त 'मुद्दाम का' हे राहिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला टाकला, त्यात एक आरोप हाच आहे, की शोधाच्या निकालांत बिनकामाच्या जाहिराती जाणूनबुजून वाढवल्या, आणि असल्या जाहिरातींना कंपनीच्या आतच 'डिफेक्ट' म्हणायचे. कंपनीला ते मान्य नाही, पण वाचून मला तरी नवल वाटलं नाही. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात यादीतला क्रम कशावरून लावतो हे ॲपने सोप्या भाषेत सांगितलं पाहिजे असं लिहिलं आहे. शोधून बघा सापडते का, मला अर्धा तास लागला आणि सापडलं ते वकिलाच्या भाषेत. २०२३ च्या नोव्हेंबरात डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला गंडवायच्या ॲपमधल्या युक्त्यांची, मार्गदर्शक तत्त्वं आली, १३ प्रकार आहेत, त्यात जाहिरात आहे हे लपवून दाखवणंही येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

बर्डीचा_भाऊ:
१९१५ ला फोन करून काय सांगायचं जी, ताटी मागितली अन् खसखस दाखवली? 😂

जुना_ग्राहक:
खसखशीसाठी नाही हो. 'प्रायोजित' हा शब्द पांढऱ्यावर फिकट राखाडी अन् मुंगीएवढा लिहिला असेल, त्यासाठी. स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा.

धंतोलीची_सुनबाई:
मी ॲपच्या आत शोधतच नाही. गुगलवर साइट, कोलन आणि दुकानाचा पत्ता लिहून पुढे शब्द टाकायचा, अवतरण चिन्हात. नको तो शब्द वजा चिन्ह लावून काढायचा. पुष्कळ शॉपिंग ॲप ते वजा मानतच नाहीत, उलट तोच शब्द शोधून आणतात. काका, ताटीचं माप बघा आधी. जे कंपनीच्या प्लास्टिक कूलरचे हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे) पॅड दिसतात ते तुमच्या पत्र्याच्या जाळीत बसणार नाहीत, आमच्या सासऱ्यांनी मागवले होते, शेवटी करवतीने कापले आणि चारी बाजूने फट राहिली, कूलर गरम हवा फेकत होता.

उन्हात_भाजलेला:
लिस्टिंगवाली ताई, मोजलं. साडेतीन फूट भरलं, साडेपाच-सहा फुटाचा लिहिलेला पंप मागवला, फोटोत मासेच आहेत त्याच्या 🙏 परवा येते म्हणे. ताट्यांचं ऑनलाइन जमलं नाही, सकाळी सात वाजता गल्लीत हातगाडीवाला ओरडत गेला तर पोराला पळवलं मागे, तिन्ही बाजू भरून ठोकून गेला अन् जुनं गवतही घेऊन गेला. पंप येईपर्यंत बालटीने पाणी टाकून राहिलो ताट्यांवर. अन् ते ॲप, लोकर एकदा उघडून काय पाहिली, सकाळपासून तीन नोटिफिकेशन आले, 'तुमच्यासाठी खास, बाळाच्या टोपीचे पॅटर्न'. हे कुठून बंद होते ते सांगा कोणी.

लिस्टिंगवाली:
तुमच्या खात्यात पाहिलेल्या वस्तूंची हिस्ट्री असेल, त्यातून लोकर काढून टाका. आणि नोटिफिकेशन फोनच्या सेटिंगमधूनच बंद करा, ॲपच्या आतलं बटण शोधत बसाल तर पावसाळा लागन.