टेलिक्रॉन घड्याळाचा रोटर: भोक पाडावे की तापवून तेल भरावे?

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. गेल्या महिन्यात एका गराज सेलमध्ये मला टेलिक्रॉन या जुन्या अमेरिकी कंपनीचे बेकेलाइटचे (जुन्या कडक प्लास्टिकचे) टेबल घड्याळ मिळाले. हेन्री वॉरेन यांनी बाजारात आणलेल्या विजेच्या घड्याळांच्या घराण्यातले हे घड्याळ असून, त्यांचे ॲशलँड गाव माझ्या घरापासून जवळच असल्यामुळे मोह आवरला नाही.

प्लग लावल्यावर पहिली दहा मिनिटे ते मुकाट चालते. मग पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते आणि तासाभरात सेकंदकाटा अडखळून थांबतो. घड्याळ रात्रभर उलटे ठेवले, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज येत नाही. मोटरची कॉइल (तारेची गुंडाळी) शाबूत आहे, कारण मल्टीमीटर 720 ओहम दाखवतो. रबर तडकलेली वायर मी आधीच बदलली. वीज खंडित झाल्याचे सांगणारा तबकडीवरचा लाल ठिपकासुद्धा चोख काम करतो.

त्यामुळे दोष रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, बंद डबीतच असावा, असे मला वाटते. आतला रोटर मिनिटाला 3600 फेरे घेतो आणि त्याच डबीतली दंतचक्रे ते 3.6 वर आणतात; इतक्या वेगाला तेल आटले किंवा चिकट झाले, तर घरघर होणारच. डबीला 1 मिलिमीटरचे भोक पाडून इंजेक्शनच्या सुईने तेल सोडायचे आणि डाख देऊन ते बुजवायचे, हा एक मार्ग. परंतु ड्रिलचा चुरा चक्रांत गेला, तर पुढे काय, या विचाराने हात धजावत नाही. दुसरा मार्ग म्हणजे डबी कोमट तापवून तेलात बुडवायची, म्हणजे थंड होताना दांड्याच्या फटीतून ती तेल ओढून घेते. तो सौम्य वाटतो, पण आतले जुने कीट त्याने निघत नाही.

ज्यांनी यांपैकी काही स्वतः केले आहे, त्यांनी कोणते तेल वापरले, किती थेंब घातले आणि रोटर त्यानंतर किती काळ टिकला, हे कृपया सांगावे. शिवणयंत्राचे तेल फार पातळ पडेल का?

आणखी एक अडचण आहे. हे घड्याळ पुढे नाशिकला वडिलांकडे जायचे आहे. ‘ट्रान्सफॉर्मर लाव, झाले,’ असे ते म्हणतात. पण ट्रान्सफॉर्मरने 230 व्होल्टचे 120 होतील, तिथले 50 हर्ट्झ काही 60 होणार नाहीत; हे घड्याळ विजेच्या या वारंवारितेवरच (सेकंदाला किती आवर्तने) चालते, त्यामुळे ते दर तासाला 10 मिनिटे मागे पडेल. 60 हर्ट्झ देणारा, चारपाच वॅटचा छोटा इन्व्हर्टर कुणी अशा घड्याळाला जोडला आहे का?