नवऱ्याचा हात लागला की मी डोकं झाकते. त्यांना माझ्या वडिलांबद्दल सांगावं का?

वय ३६, लग्नाला नऊ वर्षं. माहेर-सासर दोन्ही सोलापूरच.

वडील यंत्रमागावर होते. सेकंड शिफ्ट सुटली की दारात सायकलचं स्टँड वाजायचं आणि आम्ही भावंडं चादर डोक्यावरून ओढून झोपेचं सोंग घ्यायचो. तरी उठवायचे. पट्टा, चप्पल, हाताला येईल ते. रडलं की परत. आई मधे पडली की तिलाही.

माझ्या नवऱ्याने आजवर आवाजसुद्धा चढवलेला नाही. तरी त्यांच्या गाडीचं स्टँड वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री जवळ आले की मी दगड होते. नको म्हणवत नाही, हो म्हणवत नाही. त्यांना ते कळतं, म्हणून हल्ली तेच कड बदलून झोपतात. यंदा गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत चुकामूक नको म्हणून त्यांनी माझा दंड धरला, तर मी डोकं झाकून खालीच बसले. पाळण्याच्या रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. घरी येऊन एवढंच म्हणाले, "लोकांना वाटलं असेल, मी तुला मारतो."

आणि वडील? अर्धांगवायू झाल्यापासून आमच्याकडेच आहेत. त्यांची दाढी दर रविवारी हेच करून देतात, गालाला साबण लावताना गप्पा मारत. ते बघून माझे शब्द घशातच राहतात.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दोनदा बोलले (फुकट आहे, मराठीत बोलतात). अंग गोठणं हा शरीराचा भीतीपासून बचाव असतो, मी थंड आहे असं नाही, हे तिथे समजलं तेव्हा खूप रडले. नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (वारंवार किंवा दीर्घकाळ सोसलेल्या आघाताचा मनावर राहिलेला परिणाम) हे वेगळं निदान आहे आणि जवळची नाती टिकवणं जड जाणं हेही त्याच्या लक्षणांत धरलंय. मला तेच आहे का, हे डॉक्टरच सांगतील. पण नऊ वर्षं मी याला माझा स्वभाव समजत होते.

ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या आघातावर करतात ती थेरपी) किंवा ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी थेरपी) कुणी घेतली आहे का? नवऱ्याला सोबत न्यावं की आधी एकटीने जावं? लहानपणी मार खाल्लेल्या कुणी जोडीदाराला सांगितलं असेल तर घरात पुढे काय झालं, तेही लिहा. "वडिलांना माफ कर" एवढं मात्र कृपया नको.

येत्या शनिवारी वडील भावाकडे जाणार आहेत, घरात आम्ही दोघंच. पहिलं वाक्य काय बोलू?