सुचवा: ऐतिहासिकही हवं आणि भयपटही, एकाच बैठकीत बसतील असे सिनेमे

रानफूल
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत सगळं खटलं आमच्याकडे जमणार आहे. रात्री आरती, जेवणं उरकली की टीव्हीसमोर बैठक बसते आणि मग ठरलेला वाद सुरू. बाबांना ऐतिहासिक हवं, भाचरांना भयपट. बाबा म्हणतात, भुताचे सिनेमे म्हणजे दारं आपटायची आणि बायकांनी किंचाळायचं. भाचरं म्हणतात, ऐतिहासिक म्हणजे स्लो मोशनमधले घोडे आणि दर पाच मिनिटांनी घोषणा. खरं सांगू का, मला दोघांचंही पटतं.

तर दोन्ही पार्ट्या गप्प बसतील असं काही सुचवा. कानठळ्या बसवणारं पार्श्वसंगीत नको. रक्ताचे सडे नकोत, आई उठून जाते. भाषा कुठलीही चालेल, बाबा सबटायटल्स वाचतात, फक्त अक्षरं मोठी लागतात. सगळ्यात लहान प्रेक्षक तेरा वर्षांचा आहे. ‘तुंबाड’ सोडून सांगा, तो सगळ्यांचा बघून झालाय.

टवाळ
रुमाल टाकून ठेवतो.

गडवाट
बाबांसाठी आधी ‘रामशास्त्री’ (१९४४). प्रभातचा, गजानन जागीरदारांचा. शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून, त्यामागे खुद्द चुलता, आणि त्या चुलत्याला भर दरबारात देहांत प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. ललिता पवारांची आनंदीबाई बघाच. कुठेही आरडाओरडा न करता ती बाई धडकी भरवते. घोडे नाहीत, घोषणा नाहीत. भाचरं सुरुवातीला कुरकुरतील, कृष्णधवल म्हणून. कुरकुरू देत.

सई_परदेशी
भयपटात ‘द अदर्स’ (२००१). निकोल किडमन, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्सी बेटावरचं एक मोठं घर. मुलांना उजेड सोसत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले, आणि एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा घरचा नियम. रक्त जवळपास नाहीच. आईंना नक्की चालेल. शेवट कुणी आधी फोडला तर त्याला दुसऱ्या दिवशीचा मोदक द्यायचा नाही.

मराठीत ‘लपाछपी’ही चांगला आहे. उसाच्या फडात हरवलेलं घर, गरोदर बाई, पूजा सावंतने कामही मन लावून केलंय. नंतर त्याचा हिंदीत ‘छोरी’ झाला. पण विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे, सणात जड जाईल. तो नंतर कधीतरी बघा.

निशाचर
वरचे सगळे सल्ले उत्तम. माझं मात्र जरा वेगळं म्हणणं आहे. तुमच्या घरात जे दोन पक्ष पडलेत ते मुळात दोन नाहीतच.

भयपट घाबरवतो कशाने? भूत दिसल्याने नाही. जिन्यावर कुणीतरी आहे हे आपल्याला कळतं आणि पात्राला अजून कळलेलं नसतं, त्या मधल्या वेळाने. ऐतिहासिक सिनेमात ही सोय आयती मिळते, कारण शेवट प्रेक्षकाला शाळेपासून पाठ असतो. पानिपताला निघालेली फौज बघताना संक्रांतीला काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, भाऊसाहेबाला नसतं. शिवा काशीद महाराजांचा वेश करून पालखीत बसतो आणि सिद्दी जौहरच्या छावणीत जातो. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. एवढं सगळं हातात असताना आपले दिग्दर्शक त्यावर ढोल-ताशे वाजवतात. जिथे श्वास रोखायचा तिथे गर्जना. ‘तान्हाजी’मध्ये ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ आणली. सिंहगडाचा रात्रीचा कडा, खाली अंधार, वर पहारे, आणि हाताला लागलेला दोर, एवढ्यात काय कमी होतं?

आता शिफारस. अकिरा कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (१९५७). नावात ब्लड आहे, पडद्यावर फारसं नाही. शेक्सपिअरचा मॅकबेथ उचलून जपानच्या यादवीच्या काळात नेऊन ठेवलाय. बाबांना किल्ले, सरदार, फितुरी सगळं मिळेल. भाचरांना धुक्यातलं जंगल आणि त्यात चरखा फिरवत बसलेली भुतीण. साधारण पावणेदोन तासांत संपतो.

त्यातला एक प्रसंग सांगतो, यात कथा फुटत नाही. सरदाराची बायको असाजी पहारेकऱ्यांना पाजायची गुंगीची दारू आणायला मागच्या खोलीत जाते. दाराच्या पलीकडे मिट्ट काळोख. ती त्यात शिरते आणि दिसेनाशी होते. कॅमेरा जागचा हलत नाही. संगीत नाही. ऐकू येते ती फक्त तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ. थोड्या वेळाने त्याच काळोखातून हातात बुधला घेऊन ती परत येते, चेहरा पांढराफटक, जपानच्या पारंपरिक ‘नो’ नाटकातल्या मुखवट्यासारखा. बस, इतकंच. कुणी किंचाळत नाही, दार आपटत नाही. भाचरांना सांगा, तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवा.

शेवटी सरदाराचं काम करणाऱ्या तोशिरो मिफुनेवर बाणांचा वर्षाव होतो, तेव्हाची त्याच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी तरी खरी आहे. सराईत तिरंदाज आजूबाजूला खरेखुरे बाण सोडत होते.

टवाळ
आणि आमच्याकडे नायकाला घाम फुटला तरी व्हीएफएक्सने.

गडवाट
निशाचर, तुमचा मुद्दा मान्य, पण सरसकटीकरण नको. ‘पावनखिंड’ मी थिएटरात पाहिला. बाजीप्रभू पडतात तेव्हा शेजारचे अनोळखी आजोबा हुंदके देत होते. त्यांना तिथे शांतता नको होती, गर्जनाच हवी होती. आपल्याकडे इतिहास पोवाड्यातून आलाय, तिथे डफ वाजणारच. जपानी मोजपट्टी लावून आपलं मोजायचं कशाला?

निशाचर
डफाला हरकत नाही हो. पण चांगला शाहीरसुद्धा मध्येच थांबतो आणि खालच्या आवाजात दोन ओळी म्हणतो, तेव्हाच काटा येतो. सगळा वेळ वरच्या पट्टीत गायलं तर ऐकणारा कंटाळतो.

आणि पोवाड्याचा विषय निघालाच आहे तर मासाकी कोबायाशीचा ‘क्वायदान’ (१९६४) घ्या. चार भूतकथा आहेत, एकूण तीन तासांच्या. एका रात्री एकच बघा. माझी लाडकी होइचीची. होइची आंधळा, देवळात राहून बिवा नावाचं जपानी तंतुवाद्य वाजवतो, ११८५ सालच्या दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईचा पोवाडा गातो. एका रात्री दरबाराचं बोलावणं येतं. तो जातो, गातो, ऐकणारे ओक्साबोक्शी रडतात. ऐकणारे कोण, तर त्याच लढाईत बुडून मेलेले हेइके घराण्याचे लोक. पुढे त्याला वाचवायला भिक्षू त्याच्या अंगभर मंत्र लिहितात आणि एक जागा राहून जाते. कुठली ते भाचरांना बघू दे. बाबांना यात भूत कमी आणि इतिहास जास्त दिसेल, भाचरांना उलट.

‘ओनिबाबा’ही त्याच सालचा आणि त्याच तोडीचा आहे. सासू-सुनेचा, पुरुषभर उंच गवतातला. पण तो बाबा आणि भाचरं एका खोलीत असताना मुळीच लावू नका. विश्वास ठेवा.

सई_परदेशी
‘ओनिबाबा’बद्दल +१. सासूबाईंसोबत पाहायला बसले होते, वीस मिनिटांत दोघींना एकदम चहाची तल्लफ आली.

‘ब्रमयुगम’ (२०२४) राहिला की! मल्याळम, सतराव्या शतकातला मलबार. पळून आलेला एक गायक एका पडक्या वाड्यात आसरा घेतो, वाड्याचा मालक मामुट्टी. तो त्याला फाशांचा डाव खेळायला बसवतो, पणाला लागतो तो त्याचा वेळ. अख्खा सिनेमा कृष्णधवल, जातीची उतरंड आणि सत्ता यांवर आहे, तरी भाषण एकही नाही. मामुट्टीला नुसतं जेवताना बघून भीती वाटते. शेवटाकडे मारामारी आहे, आईंना तेव्हा उकडीच्या तयारीला पाठवा.

रानफूल
सगळ्यांचे खूप आभार! बाबांना धागा वाचून दाखवला. रामशास्त्रींचं नाव निघाल्यावर एकदम खूष. त्यांनी लहानपणी टूरिंग टॉकीजमध्ये पाहिलाय म्हणे. मोठा भाचा म्हणतोय की शनिवारवाड्यात पौर्णिमेला ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं, म्हणजे ‘रामशास्त्री’ तांत्रिकदृष्ट्या भयपटच झाला. यावर बाबांनी त्याला अर्धा तास पेशवाई समजावली.

निशाचर, कुरोसावाचा ‘रान’ पण चालेल का? रंगीत आहे म्हणून विचारते.

निशाचर
भाच्याला माझ्याकडून शाबासकी. अठरा वर्षांचा पोर वाड्यात धावतोय, मागे गारदी, आणि ज्याला मिठी मारायची त्याच्याच संमतीने हे चाललंय. याहून भयंकर पटकथा कुणी लिहिली असेल तर दाखवा.

‘रान’ (१९८५) थोर आहे, पण तुमच्या अटीत बसत नाही. किल्ला जळतो त्या प्रसंगात लढाईचे आवाजच काढून टाकलेत, फक्त ताकेमित्सूचं संगीत, आणि मग एक बंदुकीचा बार. पण रक्त भरपूर आहे. आई झोपल्यावर लावा, आणि अडीच तासांहून मोठा आहे हे लक्षात ठेवून.

टवाळ
आमच्याकडे गणपती दीडच दिवसाचा. एवढं सगळं कधी बघायचं? एकच सांगा.

निशाचर
थ्रोन ऑफ ब्लड.

गडवाट
रामशास्त्री.

टवाळ
झालं, आता आमच्याही घरात दोन पक्ष.