दुःखाचं मूळ तृष्णेत की सातबाऱ्यात?

खाडीकाठ:
विहारातल्या प्रवचनात दरवर्षी ऐकतो, तृष्णा सुटली की दुःख सुटतं. मला हे अर्धंच पटतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी सारा वसूल करणाऱ्या खोतांविरुद्ध संप करून १९३३ ते १९३९ शेतं ओस ठेवली. लाकूडफाटा विकून, मासे पकडून पोरं जगवली. पिकवलेलं भात खोताच्या कोठारात जायचं, वर वेठ. त्यांना काय, तृष्णा सोडा म्हणायचं? बाबासाहेबांनी १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर गेले, सोबत साम्यवादीही होते. धम्मदीक्षा १९५६ ची. आधी जमीन, मग धम्म.

डोंगरवाडी:
क्रम चुकतोय. धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा १९३५ ची, म्हणजे विधेयकाच्या आधीची. त्याही आधी १९२७ ला महाडला तळ्याचं पाणी प्यायलो ते माणूस म्हणून, मजूर म्हणून नव्हे. आणि खोती कायद्याने गेली, पुढे काय? कुळांचे नातू आज हापूसच्या चार कलमांवरून भावाला कोर्टात खेचतात. एका सातबाऱ्यावर वीस नावं, आणि जो आधी दलालाला गाठेल तो शहाणा. खोत गेला, खोतपणा घरात शिरला. याला कुठला समाजवाद उतारा देणार?

रापणकर:
भावांचं भांडण खरं आहे, पण समुद्रावर या. मासे ओढायला एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री दिवे दिसतात. पर्ससीनवाला घेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्याने थवाच्या थवा गोळा करून नेतो, आमची रापण, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, वर येते ती रिकामी. तृष्णा त्याची, उपास माझ्या घरी. मी ध्यानाला बसलो तर माझा राग शांत होईल, जाळ्यात बांगडा येणार नाही. कूटदंत सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या एका उपदेशात, राजाला सल्ला काय दिलाय? चोरी थांबवायला शिक्षा पुरत नाही, शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. हे बुद्धवचनच आहे ना? प्रवचनात कधी ऐकलं नाही.

डोंगरवाडी:
सुत्त मान्य. पण दिवे लावणाऱ्या बोटींवर खलाशी कोण, आपलीच पोरं. उद्या पैसे जमले तर त्यांतलाच एखादा पर्ससीन घेईल. बाबासाहेब २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. दुःख आणि शोषण संपवायचं, इथवर दोघे एकत्र. मार्ग वेगळे: मार्क्सवाद्यांची भिस्त हिंसेवर आणि हुकूमशाहीवर, बुद्धाची मन बदलण्यावर. जबरदस्ती उठली की माणूस पूर्वीसारखाच वागतो, ही बाबासाहेबांची शंका मला आजही रास्त वाटते.

खाडीकाठ:
हुकूमशाही मलाही नको, मी कायद्याबद्दल बोलतोय. धम्मपदात 'जिघच्छा परमा रोगा' आहे, भूक हा सगळ्यांत मोठा रोग. त्यामागची अट्ठकथेतली, म्हणजे जुन्या भाष्यातली, गोष्ट आळवी गावची आहे: हरवलेला बैल शोधून दमलेला शेतकरी आला, बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं, मगच धम्म सांगितला.

डोंगरवाडी:
सांगितला तर खरा. जेवण देऊन परत नाही पाठवला.

रापणकर:
मग येत्या पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात एक रविवार याच विषयाला द्या. सुत्त तुम्ही वाचा, सोसायटीचे मच्छीमार आणि बोटींवरचे खलाशी मी घेऊन येतो. दिवे कोणाचे आणि तक्रार कोण करणार, तेही तिथेच ठरवू.